हत्ती राहिला, गटाराची जाळी पाहिली

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ महिन्यांचा. सुट्टीच्या दिवशी आई-बाबा त्याला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले. दीड तासाचा प्रवास, मग तिकिटाची रांग. आत गेल्यावर मुलगा हत्तीकडे पाठ करून गटाराच्या जाळीपाशी फतकल मारून बसला आणि अर्धा तास तिच्यात खडे टाकत राहिला. उचलून पुढे नेलं तर भोकाड पसरलं, भर रस्त्यात लोळण घेतली, लोक थांबून बघायला लागले. परतताना गाडीत झोपला, दारात पोचल्यावर टक्क जागा झाला आणि रात्री साडेअकरापर्यंत जागा राहिला. वडिलांचं म्हणणं, तीन वर्षांचा होईपर्यंत कुठे जायलाच नको, नाहीतरी त्याला त्यातलं काय आठवणार आहे? आईला वाटतंय, आपल्यातच काहीतरी कमी आहे. शेवटी एक ओळ जोडली आहे: "आणि बूट दोन मिनिटांत काढून फेकतो, त्याचं काय करू?"

मी बालरोगतज्ज्ञ. ओपीडीत बसून २२ वर्षं झाली आणि घरी दोन मुलं वाढवली. असले प्रश्न आले की त्यातला दुसरा अनुभव जास्त उपयोगी पडतो, हे आधीच कबूल करते.

तुमच्या मुलाने त्या दिवशी काहीही वावगं केलं नाही. तुम्हीही फारसं चुकला नाहीत. एकच गोष्ट राहिली. निघायची वेळ ठरवलीत, परतायची ठरवली नाहीत. या वयाच्या मुलाला घेऊन केलेली सहल बहुतेक वेळा तिथेच फसते.

पण आधी त्या जाळीबद्दल.

आपण मोठी माणसं कुठेतरी जायला निघतो. दीड वर्षाचं मूल नुसतं निघतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. पुढे त्याच प्रयोगशाळेत मुलांना एकदा खेळण्यांच्या खोलीत आणि एकदा रिकाम्या खोलीत सोडून पाहिलं. रिकाम्या खोलीतही मुलं तेवढीच हिंडली. खेळणं दिसलं म्हणून तिकडे निघाली, असं फार कमी वेळा घडलं. मधेच कुठेतरी थांबायचं, परत चालू लागायचं, असंच बहुतेक चालणं होतं. तेव्हा "चल, पुढे हत्ती आहे" हे वाक्य तुमच्या मुलाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. पुढे काहीतरी आहे म्हणून आत्ताचं सोडायचं, हा व्यवहार त्याला अजून कळत नाही.

आणि तो तिथे करत काय होता? खडा उचलायचा. दोन बोटांत नीट धरायचा. जाळीच्या फटीशी नेऊन मावतो का बघायचं. सोडायचा. खालून टुबुक असा आवाज येतो का, यासाठी मान तिरकी करून थांबायचं. खडा गेला कुठे म्हणून वाकून, डोळा लावून बघायचं. मग एक मोठा खडा अडकतो. तो दाबून बघायचा, नाही जात, बाजूला ठेवायचा आणि लहान शोधायचा. लहान-मोठं, आत-बाहेर, दिसेनासं झालेलं खरंच गेलं का, मी सोडलं म्हणून आवाज आला का, एवढे धडे त्या अर्ध्या तासात झाले, आणि प्रत्येक वीसेक वेळा गिरवून झाला. त्या मानाने हत्ती म्हणजे लांब, कुंपणापलीकडे उभी असलेली करडी भिंत. हात लावता येत नाही, काही केलं तरी उत्तर देत नाही. त्याच्या जागी मी असते तरी जाळीच निवडली असती.

भाषेच्या बाजूनेही बघा. मायकल टोमासेलो आणि मायकल फॅरर यांनी १९८६ साली एक साधी गोष्ट दाखवली होती. मूल आधीच ज्या वस्तूकडे बघतंय तिचं नाव आईने घेतलं, तर तो शब्द पुढे जास्त पक्का बसतो. मुलाचं लक्ष तिथून ओढून दुसरीकडे नेऊन सांगितलेला शब्द तितका बसत नाही. म्हणजे त्या अर्ध्या तासात "खडा", "गेला", "टुबुक", "अजून एक", "मोठा, मावत नाही" हे शब्द अगदी पिकलेल्या जमिनीत पडले असते. "हत्ती" हा शब्द मात्र तुम्ही त्याच्या डोक्यावरून हत्तीकडे टाकत होता.

वडिलांच्या मुद्द्यात तथ्य नाही असं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचं काही आठवत नाही. पण मोठेपणी न आठवणं वेगळं आणि आत्ता लक्षात न राहणं वेगळं. १९८८ साली अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १४ महिन्यांच्या मुलांसमोर एक पेटी ठेवली आणि तिच्यावर कपाळ टेकवून तिचा दिवा लावून दाखवला. मुलांना हात लावू दिला नाही, घरी पाठवलं. आठवड्याने तीच पेटी समोर आल्यावर बरीचशी मुलं वाकली आणि कपाळ टेकवायला लागली. एवढ्या विचित्र कृतीची आठवण, तीही एकदाच पाहिलेल्या, आठवडाभर टिकते. तुमच्या मुलाला घराजवळ कुठेही जाळी दाखवा आणि तो काय करतो बघा. पैज लावायला मी तयार आहे.

तेव्हा घरी बसू नका. फक्त सहलीचं माप बदला.

माझी मोठी लेक वीस महिन्यांची असताना आम्ही तिला एका तळ्याकाठी नेत असू. पहिली चाळीस मिनिटं दृष्ट लागावी अशी जायची. मग मी म्हणायचे, इतकी छान खेळतेय, अजून पाच मिनिटं थांबू, एक फोटो काढू. त्या पाच मिनिटांत हमखास काहीतरी व्हायचं. चिखलात पडणं, दुसऱ्या मुलाच्या हातातलं काहीतरी हवं असणं, किंवा कशावरूनही, अगदी टोपीवरूनसुद्धा. मग गाडीपर्यंत रडारड, गाडीत रडारड, आणि आम्हा दोघांत "तुला सांगत होतो" सुरू. तिसऱ्या-चौथ्या वेळी नवऱ्याने घड्याळ दाखवलं आणि तिला खदखदून हसत असतानाच उचललं. मला फार अन्याय वाटला. पण ती खांद्यावरून तळ्याला टाटा करत आली, घरी येऊन जेवली आणि झोपली. तेव्हापासून आमच्या घरात हाच नियम आहे: मूल हसत असताना निघायचं. ओपीडीतही मी तोच सांगते आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच अन्याय दिसतो.

दमलेलं लहान मूल मोठ्यांसारखं मंदावत नाही. उलट सुसाट सुटतं, म्हणून आपण फसतो. खरी खूण दुसरीकडे असते. पडण्याचं प्रमाण एकदम वाढतं, हातातली वस्तू ठेवायच्या ऐवजी फेकली जाते, कान ओढला जातो, आणि जे मूल मघाशी हात झिडकारत होतं ते पायाला बिलगतं. यातलं दुसरं लक्षण दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पहिल्यालाच पिशवी आवरायला घ्या.

वेळेचा हिशोब झोपेपासून मागे मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास झोप लागते. १९ महिन्यांची बहुतेक मुलं दुपारी एकदा झोपतात. सकाळी सातला उठणारं मूल साधारण बाराच्या सुमारास पेंगायला लागतं. मधले पाच तास. त्यात उठणं, आंघोळ, खाणं यांत दीड-दोन तास गेले. तुमचा दीड तास प्रवासात आणि काही वेळ रांगेत गेला. म्हणजे हत्तीसमोर उभं राहिलात तेव्हा मुलाच्या शिल्लक खात्यात फार तर तासभर होता आणि परतीचा दीड तास द्यायचा बाकी होता. हे गणित कोणालाही जमलं नसतं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी माझा आडाखा असा आहे की जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तरी तिथे खेळायला मिळायला हवा. अर्ध्या तासावरची बाग चालते, दीड तासावरचं काहीही सहसा चालत नाही. हा पुस्तकातला नियम नाही, माझा आहे. लग्नकार्य, आजारपण, गावी जाणं अशा वेळी तो मोडावाच लागतो.

त्याच मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे जी पालक सहसा वाचत नाहीत. या वयाच्या मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत पट्ट्याने बांधून सलग एका तासापेक्षा जास्त ठेवू नये. दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, ती तुकड्यातुकड्याने झाली तरी चालते. लांबच्या प्रवासात तासाने थांबा आणि दहा मिनिटं नुसतं हुंदडू द्या. पेट्रोलपंपाच्या मागची मोकळी जागा चालते, फक्त गाड्यांपासून दूर.

आता गाडीतली झोप. ती वीस मिनिटांची डुलकी घात करते. झोपेची पहिली निकड तेवढ्यात भागते, मग घरी कितीही थोपटा, डोळे मिटत नाहीत, आणि संध्याकाळी सहाला मूल पुन्हा कोसळतं. यावर दोनच उपाय मला जमले. एकतर एवढं लवकर निघायचं की घरी पोचून झोपेला वेळ उरेल. वाटेत गाणी, गप्पा, खिडकीतली झाडं, काहीही करून जागं ठेवायचं. नाहीतर अगदी झोपेच्या वेळीच निघायचं आणि पूर्ण झोप गाडीतच होऊ द्यायची, भले घर आलं तरी एक फेरी जास्त मारावी लागो. मधलं काही चालत नाही. गाडी उभी करून झोपलेल्या मुलाला आत एकटं सोडून मात्र कधीच जाऊ नका, काच थोडी खाली ठेवूनही नाही. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंश सेल्सिअसने चढू शकतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने तापतं. "एक मिनिटात आलो" म्हणून गेलेली माणसं वाईट नसतात, विसरलेली असतात. मी माझी पर्स नेहमी मागच्या सीटवर, मुलाच्या पायाशी ठेवायचे, म्हणजे उतरताना मागे वळणं आलंच.

बसवण्याबद्दलही सांगते. कारमध्ये मुलाची वेगळी खुर्ची हवी, आणि ती शक्य तितके दिवस, खुर्चीवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून. कारण या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते. समोरून धक्का बसला तर पाठमोऱ्या मुलाचा भार सगळ्या पाठीवर पसरतो, पुढे तोंड असलेल्याचा मानेवर येतो. पाय दुमडलेले दिसतात म्हणून पालकांना वाईट वाटतं. मुलाला त्यात काही त्रास नसतो, ते खुशाल मांडी घालतं. मांडीवर घेऊन बसणं ही माया झाली, सुरक्षितता नाही. धडकेच्या क्षणी कोणाचेही हात पुरत नाहीत.

भोकाड पसरण्याकडे येते. १८ महिने ते ५ वर्षांच्या मुलांच्या आकांडतांडवाचा बारकाईने अभ्यास मायकल पोटेगल आणि सहकाऱ्यांनी केला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त वेळा आढळलेला कालावधी अर्धा ते एक मिनिट होता. तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत संपले होते. तुम्हाला तो अर्धा तास वाटला असेल, लोक बघत असताना वाटतोच. त्याच अभ्यासात हेही दिसलं की राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि मग उतरतो. रडू मात्र टिकून राहतं. याचा अर्थ पहिल्या मिनिटात समजावणं फुकट आहे. मूल ऐकायच्या स्थितीतच नसतं. लोळत असेल तर डोकं कशावर आपटणार नाही एवढं बघा, रहदारी असेल तर उचलून बाजूला न्या, आणि शेजारी उकिडवे बसा. हळू आवाजात एकच वाक्य: "खडे सोडायचे नव्हते तुला." राग ओसरून नुसतं हुंदके राहिले की हात पुढे करा. बहुतेक वेळा मूल स्वतःच कुशीत शिरतं. फोन पुढे केला तर ते लवकर गप्प होईल, नाही म्हणत नाही. मीही केलाय, विमानात, दोनदा. पण रोजच्या बागेत त्याची सवय लावू नका, कारण मग पुढच्या वेळी बाग संपायच्या आधी फोन सुरू होतो.

लोक बघतात त्याचं काय? बघू द्या. निम्म्यांना आपली मुलं आठवत असतात.

मुळात तो प्रसंग टाळता येतो का? बऱ्याचदा येतो. "पाच मिनिटांत निघायचं" हे १९ महिन्यांच्या मुलाला कळत नाही, मिनिट म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. "अजून तीन खडे, मग टाटा" हे कळतं. एक, दोन, तीन, प्रत्येक खड्याला मोठ्याने मोजा, आणि तिसऱ्यानंतर खरंच निघा. चौथा दिलात की आकड्याची किंमत गेली. जाळीला टाटा करा, खड्यांना टाटा करा, एक खडा बरोबर घेऊ द्या (मुठीत मावेल आणि तोंडात जाणार नाही असा, आणि तरीही लक्ष ठेवून). आणि निघताना काहीतरी काम द्या. पिशवीचा पट्टा धरायचा, लिफ्टचं बटण दाबायचं, टोपी बाबांना नेऊन द्यायची. काम मिळालं की मूल निघतं; नुसतं "चल" म्हटलं की बसतं.

आता ओपीडीतला एक प्रसंग, कारण तो वर्षातून अनेकदा घडतो आणि जवळजवळ दर वेळी सहलीवरूनच आलेला असतो. आईच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. डावा हात अंगाला लटकता, कोपरातून किंचित वाकलेला, हलवायला तयार नाही. सूज नाही, जखम नाही. उजव्या हाताने माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला तयार, डाव्याला बोट लावलं की किंचाळते. आई रडवेली: "पडली नाही हो, काहीच झालं नाही." मग वडील हळूच म्हणतात, रस्ता ओलांडताना ती मधेच बसली, मी हात धरून उचललं. एवढंच. या वयात कोपरातल्या एका हाडाचं डोकं त्याच्याभोवतीच्या पट्टीसारख्या अस्थिबंधातून अर्धवट निसटू शकतं. मनगट धरून ओढणं, दोन हात धरून झोका देणं, बसलेल्या मुलाला एका हाताने उचलणं, ही त्याची नेहमीची कारणं. एक ते चार वर्षांत जास्त दिसतं, आणि डाव्या हाताचं प्रमाण थोडं जास्त असतं, कारण उजव्या हाताचा माणूस मुलाचा डावा हात धरून चालतो. डॉक्टरला तो सांधा बसवायला काही सेकंद लागतात आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खेळणं मागतं. त्या मुलीने पाच मिनिटांत माझं पेन पळवलं. पण घरी बसवायचा प्रयत्न करू नका. हाड मोडलं असेल तर नुकसान होईल. रस्त्यात बसलेल्या मुलाला काखेत हात घालून उचला, नेहमी. आणि दोघांनी दोन हात धरून "एक दोन तीन, हुप्प" करायचं असेल तर मोह आवरा. माझ्या सासऱ्यांनीही आमच्या मुलाला तसाच झोका दिला होता आणि डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी तो हात बसवला होता.

पाण्याजवळ एकच गोष्ट: हाताच्या अंतरात राहा. "लक्ष आहे" आणि "हात पोचतो" यांत फरक आहे. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, कारण डोकं जड, तोल गेला की उठता येत नाही. आणि बुडताना ते ओरडत नाही, हात मारत नाही, आवाजच होत नाही. चारजण बरोबर असले की धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्याकडे "आता माझी पाळी" असं मोठ्याने सांगायची पद्धत होती. ऐकायला बावळट वाटतं. चालतं.

खाणं बसूनच. चालत्या गाडीत आणि पळता पळता काही देऊ नका. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या चार वर्षांपर्यंत नकोतच. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार भाग करा. उभं म्हणतेय ते मुद्दाम, आडव्या चकत्याही श्वासनलिकेच्या तोंडाशी झाकणासारख्या बसू शकतात. उन्हात बाबागाडीवर कापड टाकून सावली करू नका; आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. छत्री किंवा झाडाची सावली बरी.

गर्दीत जाताना निघायच्या आधी मुलाचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, पायापर्यंत. हरवलं तर घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. तुमचा फोन नंबर त्याच्या कपड्याच्या आतल्या बाजूला लिहा. नाव बाहेरून वाचता येईल असं नको. दिसेनासं झालंच, तर आधी पाण्याकडे आणि रस्त्याकडे धावा, मग बाकीकडे शोधा.

पिशवीबद्दल लोक लांबलचक याद्या विचारतात. पाणी, खाऊ, डायपर, पुसणी, मुलाचे कपडे. आणि एक गोष्ट जी कोणीच घेत नाही: तुमचा स्वतःचा एक जादा शर्ट.

वडिलांना एक सुचवते, तीन वर्षांची वाट बघण्याऐवजी. आठवड्यातून एकदा दोघंच बाहेर पडा. आई घरी. फोन करून "टोपी घातलीस का" असं विचारायचं नाही, हे आईसाठी. पहिल्या एक-दोन वेळी काहीतरी विसरेल, बहुतेक पाणीच. तिसऱ्या वेळी नाही विसरणार. बाप-लेकाची जागा आईच्या जागेपेक्षा वेगळी असते, वाट वेगळी, खड्यांची निवडही वेगळी, आणि आई सतत सूचना देत असली की ती तयार होत नाही. जायचं कुठे? घरापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. चाळीस मिनिटं मोकळी ठेवा. मुंग्यांची रांग, दुकानाचं शटर वर जाताना होणारा आवाज, दोन पायऱ्या चढून उतरून पुन्हा चढणं. एवढ्यात वेळ संपेल, कोपरा येणारही नाही. नवनवीन वीस जागांपेक्षा एकच बाग वीस वेळा बरी, या मतावर मी ठाम आहे. ओळखीच्या जागी मूल आपल्यापासून दूर जायला धजावतं. नव्या जागी निम्मा वेळ आपल्या पायाला चिकटण्यात जातो.

काळजी कधी करायची, तेही सांगायला हवं. खड्यांत रमणं, माणसांना घाबरणं, गर्दीत रडणं हे सगळं या वयात चालतं. पण १८ महिने उलटून गेले आणि मूल स्वतः चालत नाही, किंवा हवी असलेली वा आवडलेली वस्तू बोट करून दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं, तर "मुलगे उशिराच बोलतात" असं म्हणत बसू नका, दाखवून घ्या. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही. उलट खडा टाकून तो दर वेळी तुमच्याकडे वळून बघत होता, असं तुम्हीच लिहिलंय. तो तुम्हाला दाखवत होता.

राहिले बूट. काढून फेकतो याचं सर्वांत साधं कारण, ते टोचत असतील. या वयात पाय झपाट्याने वाढतात, दर दोन-तीन महिन्यांनी मापून बघा. मुलाला उभं करून तपासा, बसवून नाही. पुढच्या टोकाशी तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तळवा हाताने सहज वाकायला हवा, आणि तो वाकावा पुढच्या तिसऱ्या भागात, मधोमध नाही. टाच घट्ट धरणारा पट्टा असलेले बूट काढायला जरा कठीण जातात. हिरवळीवर किंवा स्वच्छ वाळूत, काचा-काटे नसतील आणि जमीन तापलेली नसेल, तर अनवाणी फिरू द्या. बोटांनी जमीन पकडत चालल्याने तोल लवकर येतो. आणि तरीही फेकलेच, तर त्यातला एक आधी जाळीपासून लांब ठेवा. आमचा एक तिथेच गेलाय.